चांद्याहून तिघं उमऱ्याला

मक्केहून परतलेल्या माणसाच्या घरी पहिले आठ दिवस लोक खजुरासाठी येतात. त्यानंतर येतात ते किस्से ऐकायला! खजूर संपतात, किस्से वाढत जातात. मी चांद्यातला टेलर. पायजम्याचं माप द्यायला आलेला माणूस सुद्धा टेप अंगावर असतानाच विचारतो, "मास्टर, ते जहाजातलं सांगा ना!" मग तो माप विसरतो, मी पण विसरतो.

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. नुसत्या उमऱ्यासाठी, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेसाठी, आमच्याकडून कोणी जात नसे. हजच्या जहाजानं जायचं, पोहोचल्यावर आधी उमरा करायचा, मग हजची वाट पाहत थांबायचं. हजच्या गोष्टी मोठी माणसं सांगतात. मी आपला उमऱ्याच्या सांगतो.

आम्ही तिघं होतो. मी, वरोऱ्याच्या जिनिंगात फिटर असलेला कासमभाऊ, आणि त्याची मोठी बहीण हलीमाबाई. बाई विधवा. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन आठवडी बाजार करत त्या पार भामरागडपर्यंत जायच्या. घरी आम्ही हिंदीत बोलायचो, पण एकमेकांची खेचायची असली की झाडीबोलीच तोंडात यायची.

*

निघायच्या आधीची गोष्ट. उमऱ्याला पुरुषानं इहराम घालायचा. म्हणजे दोन पांढरी कापडं, एक कमरेला, एक खांद्यावर. शिवलेलं काही अंगावर नको!

मी कापड आणलं, फाडलं आणि मशीनसमोर बसून राहिलो. पंचवीस वर्षांची सवय. पाय आपोआप पायडलवर जायचा, मी तो काढायचो. कासमभाऊ दारात उभा राहून मजा बघत होता.

मी म्हटलं, "भाऊ, जिंदगीभर लोकायचे कपडे शिवले. अन् अल्लाच्या दारी जाऊन राह्यलो तं म्हणे शिवण नाई पाह्यजे! असं काऊन?"

कासमभाऊ म्हणाला, "त्यानं तुई शिवण पाह्यली असंल!"

*

जहाजावर सात-आठ दिवस नुसतं पाणी. दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना. झोपेत आहोत की जागे, हेही कधीकधी कळेना. एके दिवशी पहाटेच्या फजर नमाजानंतर जहाजानं लांब भोंगा दिला. हद्द आली होती, इथून पुढे इहराम. तासाभरात सगळं जहाज पांढरं झालं. टोप्या गेल्या, फेटे गेले, कोट गेले. धुक्यातून धुकंच चालत यावं तशी माणसं डेकवर येत होती. कासमभाऊ माझ्या बाजूनं गेला तरी मला ओळखू आला नाही.

पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक जाडजूड गृहस्थ होते. वळून फार गोड आवाजात म्हणाले, "भाऊ, तुम्ही कुठले?"

मी त्यांना ओळखलं. आमच्याकडचे सागवानाचे बडे ठेकेदार! दुकानात यायचे तेव्हा मला कधी 'ए' सोडून दुसरी हाक त्यांनी मारली नव्हती.

मी म्हटलं, "चांद्याचा."

"अरे वा! मीही तिकडचाच. कधी पाहिलं नाही तुम्हाला."

"तुम्ही नसंल पाह्यलं. मी पाह्यलं. कंबर चव्वेचाळीस, छाती सेहेचाळीस."

त्यांनी आपल्या पोटावर हात ठेवला. मग इतके हसले की हातातलं पाणी सांडलं. आपली जागा सोडून मला पुढे केलं आणि म्हणाले, "मास्टर, चव्वेचाळीस कोणाला सांगू नका!"

*

मोहफुलांचा किस्सा जेद्दाचा, पण तो सुरू होतो भामरागडला. तिथे चैती नावाची एक माडिया बाई हलीमाबाईंची जुनी गिऱ्हाईक. पावसानं नदीवरचा रस्ता बंद व्हायच्या आत बाई शेवटचा बाजार करून तिचा निरोप घ्यायला गेल्या. चैतीनं विचारलं, "तिथं जंगल कसं हाये?"

बाई म्हणाल्या, "जंगल नाई वो. झाडच नाई. रेतीच रेती."

चैतीचा चेहरा उतरला. झाड नाही, मग माणसं वेचतात काय, खातात काय? ती घरात गेली आणि वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी आणून बाईंच्या हातात ठेवली. "तिथल्या लोकायले देजो."

मुंबईला ती पुरचुंडी पाहून कासमभाऊ हादरला. "आपा! दारूचं फूल घेऊन अल्लाच्या घरी निघाली का तू?"

"फुलानं कधी दारू पेली का रे? माणूस पेते."

जेद्दाला उतरल्यावर सामान तपासणाऱ्यानं नेमकी तीच पुरचुंडी उघडली. वास घेतला. परत घेतला. काय आहे म्हणून खुणेनं विचारलं. बाईंनी शांतपणे चार फुलं त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आमच्या रानातले खजूर."

एका हैदराबादी माणसानं ते त्याला अरबीत सांगितलं. त्यानं एक फूल तोंडात टाकलं, डोळे मिटले, हळूहळू चावलं. मग आणखी दोन. उरलेलं एक रुमालात बांधून खिशात ठेवलं आणि आमच्या सामानावर खडूनं फुली मारली, जा!

कासमभाऊ माझ्या कानात म्हणाला, "लवकर चाल. ह्याले चढायच्या आत!"

*

काबा पहिल्यांदा नजरेस पडला की त्या क्षणी मागितलेली दुआ कबूल होते, असं आम्हाला सगळ्यांनी बजावून पाठवलं होतं. मी बोटीवर यादी पाठ केली होती. दुकान, मुलीचं लग्न, आईचे डोळे.

नजर वर गेली आणि यादी गेली. माणूस दुकानात शिरला की नजरेनंच मी त्याचं माप घेतो. तिथे मात्र काब्यावरचं काळं कापड समोर असून मला लांबी कळेना, रुंदी कळेना. आवाज दूर गेले, पायाखालची फरशी आहे की नाही ते समजेना. किती वेळ उभा होतो देव जाणे. गाल ओले झाले होते.

कासमभाऊनं विचारलं, "काय मांगितलं?"

"इसरलो."

"मी पण."

आम्ही दोघं पोरक्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. हलीमाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मले मालूम होतं. मी तुमच्या दोघायचंही मांगून घेतलं!"

*

तवाफ म्हणजे काब्याभोवती सात फेरे. सात मोजणं ते काय? पण त्या गर्दीत शिरल्यावर आकडे पाण्यात पडल्यासारखे विरघळतात. नदीच्या भोवऱ्यात पान फिरावं तसा मी फिरत होतो. चौथा की पाचवा, तेच समजेना. कासमभाऊनं सात चिंचोके मुठीत धरले होते, ते दुसऱ्याच फेऱ्यात सांडले.

पुढे हलीमाबाई होत्या. दुआ म्हणत, संथ चालत, जराही गोंधळ नाही. मी गाठून विचारलं, "बाई, कितवा?"

"वडसा."

मला वाटलं, उन्हानं बाईंचं डोकं फिरलं!

त्या चालता चालता म्हणाल्या, "मूल झालं, सिंदेवाही झालं, नागभीड झालं, ब्रह्मपुरी झाली. आता हे वडसा. मंग कुरखेडा, मंग गडचिरोली, अन् झालं."

तीस वर्षं पायी केलेले सात बाजार! एकही चुकणं शक्य नव्हतं. मग मी आणि कासमभाऊ मुकाट्यानं बाईंच्या मागे लागलो. कुरखेड्याला मला डाव्या हाताला धानाच्या बांध्या दिसल्या, खरं सांगतो. वारासुद्धा तिकडचाच आला. गडचिरोली पूर्ण झाली तेव्हा बाई थांबल्या आणि सवयीनं डोक्यावरची पाटी उतरवायला त्यांनी दोन्ही हात वर नेले.

*

त्यानंतर सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा. तहानलेल्या लेकरासाठी बीबी हाजरा पाणी शोधत याच जागी धावल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा तो रस्ता भर बाजारातून जायचा. दोन्हीकडे दुकानं, कापडाचे ठाण, सरबतवाले. वाटेत एक ठरलेला टप्पा असतो. तिथे पुरुषांनी धावायचं, बायकांनी चालायचं.

कासमभाऊनं मला मागे एकदा सांगितलं होतं. हलीमाबाईंचं पहिलं लेकरू बाजाराहून परत येताना तापानं फणफणलं. उन्हाळा होता, नाले कोरडे होते. पाणी मिळेपर्यंत ते राहिलं नाही.

तो टप्पा आला. आम्ही धावायला लागलो, आणि बाजूनं पदर खोचून हलीमाबाई आमच्याही पुढे! साठीची बाई. मी धापा टाकत म्हटलं, "बाई, इथी बायकायनं धावाचं नसते!"

त्या थांबल्या नाहीत.

"काऊन? पह्यल्यांदा धावली ते बाईच होती ना?"

*

शेवटी केस कापले की उमरा पूर्ण. आमच्या दोघांच्या डोक्यांचा न्हाव्यानं पार गोटा केला. बायकांनी बोटाच्या पेराएवढीच बट कापायची असते. बाई म्हणाल्या, "मास्टर, तुई कैची दे कासमले."

बहिणीची पांढरी बट हातात धरली आणि जिनिंगची मशिनं खोलणाऱ्या कासमभाऊनं कात्री तीनदा लावली, तीनदा काढली. चौथ्यांदा तिरकी धरली.

बाई मान न हलवता म्हणाल्या, "सरळ काप रे बापा, टेलर पाहून राह्यला!"

*

आता हा एक. हा मी दुकानात फारसा सांगत नाही.

कासमभाऊची बायको रशीदा आम्ही निघायच्या दोन वर्षं आधी गेली. आपला उमरा झाला की मक्केबाहेर तनईमच्या मशिदीपर्यंत जायचं, परत इहराम बांधायचा आणि गेलेल्या माणसाच्या नावानं उमरा करायचा, अशी सोय आहे. कासमभाऊचा जीव त्यातच होता. बाईंचे पाय सुजले होते, म्हणून त्या मुक्कामी थांबल्या. दुपार कलल्यावर आम्ही दोघंच गेलो.

नमाज झाली. आता नियत, म्हणजे मनातला संकल्प, करायची. तर कासमभाऊ फरशीवरची रेती बोटानं सारखी करत बसला.

मी म्हटलं, "भाऊ, बोला. हा उमरा फलानीच्या नावानं."

"नाव घ्या लागते का?"

"घ्या लागन ना! कोणासाठी ते सांगा लागते."

तो खाली बघून म्हणाला, "मी तिचं नाव कधी घेतलंच नाई रे मास्टर."

"अडतीस वर्षांत?"

"नाई."

"मंग हाक कशी मारत होते?"

"खोकलत होतो."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून आतच राहिलं. ऊन मऊ झालं होतं. आवारात पांढऱ्या कापडांची ये-जा चालू होती, आणि सगळं लांबून बघितल्यासारखं दिसत होतं. कासमभाऊनं तोंड उघडलं, मिटलं. मग सवयीनं खोकला. स्वतःच लाजला. डोळे घट्ट मिटून, नव्या नवरदेवासारखा लालबुंद होऊन, शेवटी इतक्या हळू बोलला की शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आलं.

"रशीदा."

आणि आमच्या पाठीमागून कुण्या बाईचा आवाज आला, "जी?"

मी झटकन वळलो. मागे दहा-बारा बाया होत्या. कोणी नमाजात, कोणी गाठोडं बांधत होती. आमच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

कासमभाऊ वळला नाही. त्यानं नियत पुरी केली, खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"चाल मास्टर," तो म्हणाला, "उशीर केला तं चिडते ते."