मी डिलीट केलेला प्रश्न

सोमवारी सकाळी साडेआठला मी डबे भरत होते आणि शेख काकांचा मेसेज आला. 

आमचा शेअर बाजाराचा एक ग्रुप आहे, मी त्याची अ‍ॅडमिन. काका मंडईत फळं विकतात. दातांची डॉक्टर झालेल्या मुलीला दवाखाना काढून देण्यासाठी साठवलेले सगळे पैसे आज बाजार उघडताच एका कंपनीत घालतोय, असं त्यांनी लिहिलं होतं. कारण काय, तर रात्री बसून अख्खा ग्रुप वाचला आणि एकही माणूस विरोधात नाही.

होता की हो विरोधात! गायकवाड मॅडम सरकारी ऑडिटमधून रिटायर झाल्यात. आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं, ही कंपनी एवढा नफा दाखवते, मग तिच्या हातात पैसा का येत नाही? ताळेबंद कोणी वाचलाय का?

झालं... तिघे-चौघे त्यांच्या अंगावर आले. मी नेहमीप्रमाणे 'ग्रुपवर वाद नको' म्हणत सगळं भांडण डिलीट केलं, त्यात तो प्रश्नही गेला. उरले फक्त 'शेअर उडणार' म्हणणारे रॉकेटचे इमोजी.

वीस मिनिटं फोन लावत राहिले, काका उचलेनात. गिऱ्हाईक असलं की त्यांचा फोन गल्ल्यात असतो. बाजार उघडतो सव्वानऊला... डबे तसेच टाकून स्कूटर काढली.

सदाशिव पेठेतून मंडई ती किती लांब! पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल माझ्यावर डूख धरून होता. मी कुणाला 'घ्या' म्हटलं नव्हतं, हे खरं. पण 'थांबा' म्हणणारीचं तोंड मीच बंद केलं होतं...

पोचले तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. काका पपया रचत होते. धापा टाकत सगळं सांगून टाकलं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी एक पपई उलटी करून खालचा डाग दाखवला. म्हणाले, "ताई, डाग आम्ही वर ठेवत नाही, मान्य. पण गिऱ्हाईक उलटून बघायला लागलं, तर त्याचा हात तर नाही ना धरत?"



तिथेच उभं राहून मॅडमचा प्रश्न ग्रुपवर पुन्हा टाकला, वर माफीही मागितली. आणि नियम केला: 'घ्या' म्हणणाऱ्याने का ते लिहायचं. शिवी डिलीट होईल, शंका होणार नाही. दोघे लगेच ग्रुप सोडून गेले.

मॅडमचं उत्तर आलं, "हा मेसेज किती वाजेपर्यंत ठेवणार आहात?"

काकांनी काही घेतलं नाही. तो शेअर उद्या वर गेला तर ते काय म्हणतील, ही धाकधूक आहेच. कोणी तावातावाने लिहिलं की बोट अजूनही डिलीटकडे जातं...

पण मॅडम, तुमचा तो मेसेज अजून तिथेच आहे.