शंभर पायऱ्या राहिल्या होत्या

"दम लागल्यावर बसणारा फसतो. दम लागायच्या आधी बसावं," असं म्हणत भाऊ डोंगर चढताना पायरीवर गमछा अंथरायचे आणि आपल्याआधी दुसऱ्याला बसवायचे.

रांझीच्या कारखान्यात आम्ही एकाच सेक्शनला होतो. मी मशीनवर, ते तपासणीला. तयार झालेला नग हातात घेत, गेज लावून माप बघत, आणि नापास असला तर बाजूला ठेवून म्हणत, "बेटा, याला परत पाठव शाळेत."

एकदा महिनाअखेरीला ट्रक दारात उभा असताना त्यांनी अख्खा लॉट अडवला. अधिकारी तावातावानं आले. भाऊंनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "साहेब, बसा. सही तुम्ही करा. मी नाही करून राहिलो." साहेबांनीही केली नाही. लॉट माझ्याच मशीनवर परत आला आणि दोन दिवस मी भाऊंना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याचं बरोबर असतं, म्हणून तर राग येतो.

दर हिवाळ्यात सेक्शनची मंडळी एका रविवारी पहाटेच बस करून पचमढीला जात, चौरागड चढायला. वर महादेव, खाली पुरी-भाजी. भाऊ सगळ्यांच्या मागे चालत. मी नवीन होतो, सगळ्यांच्या पुढे.

त्या वर्षी स्टोअरचे वानखेडे आले होते. देह मोठा, खांद्यावर लोखंडी त्रिशूळ. त्यांची लेक लहानपणी मेंदूज्वरातून वाचली, तेव्हाचा, त्रिशूळ वाहायचा नवस. इतकी वर्षं राहून गेला होता. पोरगी आता कॉलेजात होती. "या वर्षी महादेवाला तोंड दाखवायचंच," ते बसमध्ये सगळ्यांना सांगत होते.

वर पोचायला शंभरेक पायऱ्या राहिल्या असतील. वानखेडे कठड्याला टेकले, तसे पुढे गेलेले आम्हीही मागे आलो. हवेत गारठा, आणि त्यांचा सदरा घामानं भिजलेला.

"काही नाही, खांदा दुखून राहिला. त्रिशूळाचं वजन आहे," ते म्हणाले.

"कोणता दुखते?" भाऊंनी विचारलं.

"डावा."

"अन् त्रिशूळ कोणत्यावर आहे?"

त्रिशूळ उजव्या खांद्यावर होता.

"चलो, खाली," भाऊ म्हणाले.

मग जो गलका झाला! कोणी म्हणालं, शंभर पायऱ्या तर आहेत. कोणी म्हणालं, महादेव सांभाळून घेईल. सगळ्यात मोठा आवाज माझा. मी तर वानखेड्यांचा हात धरून त्यांना वर ओढायलाही लागलो होतो. भाऊंनी माझं मनगट पकडलं आणि हात सोडवला.

वानखेडे रडकुंडीला आले. "भाऊ, पोरीचा नवस आहे. तिला काही झालं तर?"

"तिला बाप पाहिजे," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू तरणा आहे ना? त्रिशूळ घे. वर ठेव अन् पळत खाली ये."

"माझा नवस दुसऱ्यानं काहून फेडायचा?" वानखेडे ओरडले. त्यांना बसवून भाऊंनी छातीच्या दुखण्यावरची गोळी कोणाजवळ आहे का विचारलं, वाटेवरच्या दुकानातून चादर मागून आणली, झोळी केली. चार जणांनी ती उचलली.

त्रिशूळ घेऊन मी वर पोचलो. तिथं हजारो त्रिशूळ होते, त्यात तो ठेवला. हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. तसाच उतरलो.

पचमढीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. आणखी चढले असते तर मी काही करू शकलो नसतो." बाहेर टपरीवर भाऊ उभे होते. चहाचा ग्लास त्यांच्या हातात इतका थरथरत होता की अर्धा बाहेर सांडलेला.

"धर जरा," त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. "सारखं वाटून राहिलं होतं, नुसताच खांदा निघाला तर? त्याचा नवस मी मोडला असता."

मी ग्लास धरला. ते वाकून एकेक घोट घेत राहिले.

वानखेडे बरे होऊन कामावर आले, पण भाऊंशी बोलेनात. चार-पाच महिने असे गेले. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत येऊन एकदम म्हणाले, "तुम्ही मला देवाच्या दारातून परत आणलं."

भाऊंनी डबा उघडला. "हो ना. आतच चालले होते तुम्ही."

वानखेडे असे हसले की मला त्यांच्या छातीची काळजी वाटली. भाजी दोघांनी एकाच डब्यातून खाल्ली.

दोन वर्षांनी त्या लेकीचं लग्न रांझीतच झालं. तिला सख्खा मामा नव्हता. भटजींनी मुलीच्या मामाला बोलावलं, तसे वानखेडे मांडवातून चालत भाऊंकडे गेले आणि काही न बोलता त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. भाऊ "अरे, मी कुठं," करत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. आमच्याकडे त्यांचे फोटो फार नाहीत. एक आहे, त्या लग्नातला: अंतरपाटामागं नवरी, आणि तिच्या पाठीशी मामाच्या जागी भाऊ, इस्त्रीच्या सदऱ्यात, डोक्यावर अक्षता, डोळे घट्ट मिटलेले.