झऱ्याच्या तोंडावर हात

चटईकाकू लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा सासूने त्यांना स्वयंपाकघराच्या आधी झरा दाखवला. घरामागे उतार, उताराखाली दलदल, दलदलीत माणसाच्या डोक्यावर जाणारं पाणकणीस, आणि मधोमध दगडांच्या कपारीत झऱ्याचं तोंड. पाणकणसाची पाती कापायची, वाळवायची आणि चटया विणायच्या, हा घरचा धंदा. सासू म्हणाली, "इथे तळहात धर. पाणी हात लोटतंय का बघ. लोटत असेल तर काप. नसेल तर विळा घेऊन मुकाट्याने घरी ये."

बाई मोठी कडक. कपारीभोवतालची पाती पाणकोंबड्यांच्या घरट्यांसाठी ठेवायची, त्यांना विळा लावायचा नाही, हाही तिचाच कायदा. सुनेने एकदा चार पाती तिथली कापली, तर सासूने तिच्याशी अबोला धरला. काकूंना तेव्हा वाटलं होतं, म्हातारीला सुनेपेक्षा पाखरंच प्यारी. पण सासू गेली, नवराही गेला, आणि रोज सकाळी कपारीत हात घालायची सवय मात्र काकूंच्या अंगात मुरली. पाणी हात लोटायचं, आणि आपल्याला कुणीतरी विचारतंय असं वाटायचं.

घरात उरला दीर, आणि त्याचा धंदा बोअर मारायचा. म्हणजे एकाच छपराखाली एकजण झऱ्यावर पोट भरणार आणि दुसरा जमिनीला भोकं पाडून! माणूस मात्र मनाने लोण्यासारखा. उतारावर वस्ती वाढली, लॉन्ड्री आली, रोपवाटिका आली, गाड्या धुवायचं दुकान आलं, आणि प्रत्येकाच्या अंगणात ह्याचंच यंत्र धडधडलं. पाणी खाली गेलं की लोक पुन्हा ह्यालाच बोलवायचे, अजून खोल जायला.

झरा मंदावला तशा काकू दारोदार फिरल्या. "दुपारभर तरी मोटारी बंद ठेवा हो, खालचं पाणी जरा भरू दे." सगळ्यांना एकत्र बसवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं? दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या मोटारी चालू. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "काकू, मी बंद करतो हो, पण आधी रोपवाटिकेला सांगा." रोपवाटिकावाल्याने गाडीवाल्याकडे बोट दाखवलं. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडून पाणी येतं थोडंच?

त्या उन्हाळ्यात दलदलीच्या कडा तडकल्या. मासे उरलेल्या एका डबक्यात एकमेकांवर चढू लागले. पाणकोंबडीची काळी पिलं चिखलात पाय रुतून चिवचिवत होती आणि त्यांची आई वेड्यासारखी येरझाऱ्या घालत होती. काकूंनी कपारीत हात घातला. पाणी हाताला लागत होतं, लोटत नव्हतं. त्यांना रडू फुटलं. त्या तशाच चिखलाच्या पायांनी दिरापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मला एक बोअर मारून द्या. दलदलीच्या काठाला."

दीर चपापला. "झऱ्याच्या उशाशी? वहिनी, नको."

"सगळ्या जगाला मारून दिलीत ना? पिलं मरतायत तिथे. हात जोडते तुमच्यापुढे."

वहिनीने हात जोडलेले त्याने कधी पाहिले नव्हते. त्याने यंत्र आणलं.

पाणी लागलं. पाइपातून डबक्यात कोसळू लागलं, आणि बघता बघता दलदल पुन्हा डबडबली. बेडूक ओरडू लागले, पिलं पोहू लागली. काकूंना जेवणखाण सुचेना, दिवसभर त्या काठावर बसून राहिल्या. झरा आता पाण्याखाली बुडाला होता. कपारीत हात घालायचं त्यांनी सोडून दिलं. एवढं पाणी डोळ्यांसमोर दिसत असताना हात कशाला घालायचा? आयुष्यभर पाळलेली सवय नेमकी तेव्हा सुटली.

मग मोटार धापा टाकू लागली. पाइपातून पाण्याऐवजी मधूनच हवा यायची. भर दुपारी त्या साडी खोचून पाण्यात शिरल्या, चाचपडत कपार शोधली आणि तळहात धरला.

पाण्याने हात लोटला नाही, आत ओढला.

त्या तिथेच मटकन बसल्या, कमरेइतक्या पाण्यात. झऱ्याच्या तोंडातून पाणी खाली चाललं होतं. मोटार खालून उपसून वर ओतत होती, आणि झरा तेच गिळून परत मोटारीकडे पाठवत होता. ज्याचा जीव वाचवायला निघालो त्याचाच आपण गळा घोटला, हे त्यांना एका क्षणात कळलं. मोटार चालू ठेवली तर झरा कायमचा जाणार. बंद केली तर ही सगळी पिलं, मासे, बेडकांची अंडी उन्हात वाळणार. सासू असती तर अबोला तरी धरला असता.

काकूंनी मोटार बंद केली.

घरातल्या घागरी, बादल्या, कपड्यांचा टब, हाताला लागेल ते आणून त्या मासे भरू लागल्या. दीर धावत आला, आणि काकूंचा चेहरा बघून काही न विचारता तोही पाण्यात उतरला.

"भाऊजी, हे भोक बुजवा."

त्याचा चेहरा पडला. "वहिनी, मी आयुष्यभर नुसतं पाडायला शिकलो. बुजवायचं कसं ते मला कुणी शिकवलंच नाही. कुणी सांगितलंच नाही कधी बुजवायला."

काकूंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळहात कपारीवर ठेवला. त्याने चमकून विचारलं, "मोटार तर तुम्ही बंद केलीत ना?"

"केली."

"मग अजून ओढतंय कसं?"

काकूंनी उताराकडे पाहिलं. उतारावरून लॉन्ड्रीची मोटार ऐकू येत होती, तिच्यामागे रोपवाटिकेची, तिच्यामागे गाडीवाल्याची. प्रत्येक बोअर त्याच्याच हातचं होतं, आणि कुठलं किती खोल गेलंय ते त्याला तोंडपाठ होतं. त्याने हात काढला नाही. पाणी त्याच्या बोटांमधून खाली जात राहिलं.