पंढरीकाकांची अकरा कर्जं

आमच्या कंपनीच्या गेटवर पंढरीकाका बसतात. तारापूर एमआयडीसीत वॉचमन काही कमी नाहीत. पण सकाळी आत शिरताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारणारा वॉचमन हा एकटाच. "जेवण झालं का?" सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. या वेळी कोण जेवतं? मला या प्रश्नाचा राग यायचा. मी "हो, झालं" म्हणून तोंड फिरवून आत जायचो.

काका वाणगावच्या आतल्या गावचे. दीड एकर भात, तोही पावसाच्या भरवशावर, आणि गेटवरची बारा तासांची ड्यूटी. मी मूळचा बार्शीचा, इंद्रजीत, केमिकलमध्ये ऑपरेटर, राहायला कुंभवलीत भाड्याने. आमची ओळख एवढीच, की ते वहीत माझी येण्याची वेळ लिहायचे आणि मी त्यांच्यावर चिडायचो.

चिडायला मला कारण लागत नव्हतं, कारण वर्षभर मी कर्जात रुतलेला होतो. कंपनी चार महिने बंद राहिली, तेव्हा भाडं आणि किराणा चालवायला बँकेचं पर्सनल लोन घेतलं. त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड वापरलं. कार्डाचं बिल भरायला मोबाइलवरच्या एका ॲपवरून पैसे उचलले. फॉर्मात ऑफिसचा नंबर मागतात. आमचं कसलं आलंय ऑफिस? गेटच्या केबिनचा नंबर पाटीवर रंगवलेला आहे, तोच टाकला. आमच्याकडे सगळेच तो टाकतात.

घरी अर्चनाला यातलं काही माहीत नव्हतं. वसुलीवाल्यांचे फोन आले की मी मोबाइल घेऊन गच्चीवर पळायचो. तिला माझं बाहेर काहीतरी आहे असा संशय येऊ लागला होता, आणि खरं सांगतो, कर्जापेक्षा तो संशय मला बरा वाटत होता. इतका मी गाढव होतो.

शेवटी बोईसरला एक ऑफिस गाठलं. मोबाइलच्या दुकानावर पहिला मजला, एसी, समोर थंड पाण्याची बाटली. मेहुल नावाचा गोड बोलणारा माणूस म्हणाला, "हप्ते भरणं बंद करा, फोन उचलू नका. बँकेशी आम्ही बोलू, निम्म्यात मिटवून देतो. फीचे बावीस हजार आधी. बाकीची फी काम झाल्यावर."

मी एकच विचारलं, "कुणाला कळणार नाही ना?"

"सर, त्याचेच तर पैसे घेतो आपण," तो म्हणाला.

बावीस हजार म्हणजे माझा अख्खा दिवाळी बोनस. शनिवारी पाचच्या आत भरायचं ठरलं. अर्चनाला सांगणार होतो, की या वर्षी बोनस झाला नाही.

शनिवारी तीन वाजता लवकर सुटण्याचा गेटपास घेऊन मी केबिनवर गेलो; कारण म्हणून त्यावर 'बोईसर, पैसे भरणे' लिहिलं होतं. काकांनी चष्मा लावला, वही उघडली, वेळ लिहायला घेतली, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी रिसीव्हर खांद्याने धरला आणि लिहिता लिहिता बोलू लागले.

"हां, इंद्रजीत हाय कामाला. नाय, निरोप नाय देणार. कर्ज त्याचं हाय, त्याच्याशी बोला, गेटला कशाला सांगताव? तुमचं नाव सांगा. एजन्सी कुठली? ते नाय सांगायचं? मग ठेवा फोन."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, माझ्या पासवर शिक्का मारला आणि वर न बघता पास पुढे केला. माझे कान तापले होते.

"कितवा फोन हा?" मी विचारलं.

"मोजत नाय. होळीपासून येतात."

होळीपासून दिवाळीपर्यंत सात महिने. सात महिने हा माणूस माझ्या नावाच्या शिव्या ऐकत होता आणि सकाळी मला जेवण झालं का विचारत होता. कंपनीत एका माणसालाही कळलं नव्हतं. जे मी बावीस हजार मोजून विकत घ्यायला निघालो होतो, ते इथे मला फुकट मिळत होतं. मी तिथल्या स्टुलावर बसलो.

"सगळ्यांचे येतात?"

"सगळ्यांचे येतात, भाऊ."

"मग कधी बोलला का नाहीत?"

काकांनी वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे वह्यांच्या शेजारी एक स्टीलचा डबा होता, दोन खणांचा, घासून लख्ख केलेला. मी तो रोज बघत होतो. तो काकांचाच असेल असं मला वाटायचं.

"नीलेशचा हाय. पॅकिंगला होता, दातिवऱ्याचा. तवा गेटवर भोंगा होता, ट्रक आला की पुकारायचो. एकदा बँकेचा फोन आला, नीलेशला सांगा, हप्ता थकलाय. मी भोंग्यावर सांगितला. मला वाटला, निरोप म्हणजे द्यायचाच, आपलं कामच ते. जेवणाची सुट्टी होती, सगळी हसली. तो अर्ध्या जेवणावरनं उठला नि गेटातनं गेला. पगार न्यायलाही आला नाय." काकांनी चष्मा काढला. "डबा घेऊन दोनदा दातिवऱ्याला गेलो. घराला कुलूप."

म्हणजे सकाळचा तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच, नीलेशसाठी होता, किंवा आम्हा सगळ्यांसाठी. मला त्या क्षणी या माणसाची भीती वाटली, देवळात वाटते तशी.

"बोईसरला पैसे भरायला निघालाव ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "भरा, तुमचे हायेत. पण पालघरला बँकांचं सल्ला केंद्र हाय, पैसे घेत नाय. मी जातो तिथं. यायचं तर सुट्टीला या. बोलायचं मी बघतो, तुमी नुसतं मागं बसा."

त्या शनिवारी मी बोईसरला गेलो नाही. मेहुलचे चार फोन आले. वसुलीवाल्यांपेक्षा त्याचा आवाज जास्त चढलेला होता.

सुट्टीच्या दिवशी आम्ही पालघरला गेलो. टेबलामागे भाग्यश्री मॅडम होत्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या. मी मागच्या बाकावर बसलो. काकांना बघताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, परत?"

"हो मॅडम. अजून एक झालंय." काकांनी खिशातून कागद काढला. त्यावर मी वाटेत सांगितलेली माझी तिन्ही कर्जं त्यांच्या अक्षरात लिहिलेली होती. नाव कुठेच नव्हतं.

मॅडम चिडल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. "अकरा झाली होती, काका. दीड एकर शेती, चौदा हजार पगार, आणि माणूस दर दोन-तीन महिन्यांनी नवं कर्ज घेऊन येतो. मागच्या वेळी शब्द दिला होतात मला. घरच्यांची तरी लाज वाटू द्या."

काका मान खाली घालून ऐकत होते. मला समजायला थोडा वेळ लागला. अकरा जणांनी गेटवर हळूच विचारलं असेल, आणि अकरा वेळा हा माणूस इथे येऊन स्वतःच्या नावावर बोलणी खाऊन गेला होता. आता बाराव्या वेळी माझी खात होता. मी गप्प बसलो असतो तर सगळं फुकटात आणि गुपचूप झालं असतं. मला हवं होतं ते हेच.

मी उठून टेबलाशी काकांच्या शेजारी गेलो. "मॅडम, हे कर्ज माझं आहे."

माझाच आवाज मला परका वाटला. काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आणि ती आधीची अकरा..." मी म्हणू लागलो, तर त्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला आणि जोरात दाबला. मी थांबलो. भाग्यश्री मॅडमना आजही वाटतं की ती अकरा काकांचीच आहेत.

मग मॅडमनी मला समोर बसवलं. हप्ते बंद करायचे नाहीत, म्हणाल्या. बँकेला स्वतः पत्र द्यायचं, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागायचा. बोनस कार्डावर भरायचा, कारण त्याचं व्याज सगळ्यात जास्त. गेटवर फोन करतात याची तक्रार बँकेकडे लेखी करायची. महिन्यात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, त्याला एक पैसा पडत नाही. पत्राचा मसुदाही त्यांनीच करून दिला. शेवटी पेन ठेवून विचारलं, "घरी माहीत आहे?"

मी नाही म्हणालो. 

बाहेर ऊन चढलं होतं. काका रस्त्याच्या कडेला उभे राहिले, टोपी झटकली आणि सवयीने म्हणाले, "जेवण झालं का?"

"नाही, काका," मी म्हणालो. "घरी जाऊन अर्चनाला सगळं सांगतो, मग जेवतो."