बाबांच्या हातची वेणी

काल पाटणकर बाजारात वरातीची घोडी अगदी माझ्या अंगाला घासूनच गेली. तिच्या आयाळीच्या घट्ट वेण्या पाहिल्या आणि माझ्याच डोक्याची कातडी ताणल्यासारखी झाली.

लहानपणी माझ्या वेण्या बाबा घालायचे. ते संस्थानच्या घोडदळात होते. संस्थान विलीन झालं, घोडदळ मोडलं, बाबांची लाडकी घोडी चंदा सरकारजमा झाली आणि बाबा घरी बसले. आई तेव्हा बाळंतीण होती, मी चौथीत. रोज सकाळी बाबा मला अंगणात उभं करायचे आणि तोंडाने 'च्च् च्च्' करत वेणी अशी आवळायचे की माझे डोळे तिरके व्हायचे. रिबन बांधून झाली की मानेवर दोनदा थोपटायचे.

आमच्या हिंदी शाळेत मुलींनी ती आयाळीसारखी वेणी ताडलीच. "देखो, घोड़ी आ गई!" मी दुसऱ्या दिवशी बाबांवर खेकसले, "मी काय चंदा आहे का तुमची?"

बाबांचे हात थांबले. "नाही गं बाई," एवढंच म्हणाले. त्या दिवशी वेणी सैल घातली, थोपटलंही नाही. मधल्या सुट्टीपर्यंत ती सुटली.

तिसऱ्या दिवशी मी आपणहून त्यांच्यापुढे पाठ करून उभी राहिले. "बाबा, घट्ट घाला."

त्यांनी घातली. मानेवर दोनदा थोपटलं आणि हात तिथेच राहू दिला. शाळेला उशीर होत होता म्हणून मी नुसती चुळबुळत होते.

आज वाटतं, जरा चंदासारखं शांत उभं राहायला हवं होतं.