शेवटचं पाणी

“बाईमाणूस आहे, काका. दचकली असेल.”

विमानाच्या पलीकडून वसंतराव भाऊसाहेबांना हळू आवाजात सांगत होते. विमानाचं अंग नुसत्या ताणलेल्या कापडाचं, मध्ये भिंत नव्हती. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

मी दचकले नव्हते. उड्डाण अर्ध्यावर मोडून विमान जमिनीवरच थांबवलं होतं. नाकासमोर, वीसेक पावलांवर शेताचा बांध होता आणि त्यामागे ताडाची रांग.

भाऊसाहेब आगाशीचे मोठे बागाईतदार. युद्ध संपल्यावर लष्कराची जुनी विमानं लिलावात निघाली, तेव्हा त्यांनी हे दोन माणसांचं छोटं विमान घेतलं. भाताच्या खाचरांचे बांध काढून पट्टी केली आणि विमान चालवायला मला ठेवलं. मागची सीट काढली आणि तिथे विड्याच्या पानांच्या करंड्या भरून सुरतेला पाठवायला सुरुवात केली. गावातले लोक विमान बघायला यायचे, नंतर विमानातून उतरणाऱ्या मला बघायचे. मला दोन्ही नकोसं व्हायचं.

वसंतराव त्यांचा पुतण्या. लायसन्स नुकतंच मिळालेलं. तेही फ्लाइंग क्लबच्या रिकाम्या विमानावर.

काय झालं होतं ते सांगते. अशा विमानाला पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक लहानसं चाक असतं. जमिनीवर ते शेपूट टेकून बसतं. धावताना वेग आला की आधी शेपूट उठतं, विमान सरळ होतं आणि मग हवेत जातं. त्या सकाळी निम्मी पट्टी संपली तरी शेपूट उठेना. स्टिक पुढे ढकलली, तरी नाही. याचा अर्थ एकच, मागे वजन जास्त आहे. असं विमान उडालंच, तर नाक वर करून उडतं, वेग हरवतं आणि पडतं. मी थ्रॉटल ओढून इंजिनाचा जोर तोडला.

करंड्या मी स्वतः मोजून भरून घेतल्या होत्या. वजन बरोबर होतं. सकाळीच भाऊसाहेबांच्या समोर मी बाळा मुकादमाला सांगितलं होतं, “आज पाणी मारू नका. वजन वाढतं.” मुकादमाने मान हलवली होती. भाऊसाहेब पान लावत “हो, हो” म्हणाले होते.

आता ते पंखाला वळसा घालून आले.

“एल्साबाय, पानं उन्हात आहेत. तुम्ही उतरा. वसंत नेईल.”

“नेतो ना,” वसंतराव म्हणाले. “मिस, जरा सावलीत बसा. लिंबाचं सरबत सांगू का?”

दोन गडी हसले.

माझ्या कानशिलांत रक्त तापलं होतं. पण मी शिकले इंग्रजी शाळेत, तेही नन्सच्या. मराठीत भांडायचं तर वाक्य मनात जुळवावं लागे आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असे. वसंतरावांनी तेवढ्यात टोपी चढवली होती. हा माणूस त्या ताडांत जाऊन आदळणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि माझा राग इतका होता की क्षणभर वाटलं, जाऊ दे.

मी उतरून शेपटीकडे गेले. तिथे एक कडी असते, ती धरून विमान वळवतात. करंड्या भरल्यावरही मी एकटी ते शेपूट उचलत असे. आज दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही. मी बाजूला झाले आणि वसंतरावांना बोटाने कडी दाखवली.

ते हसत आले. एका हाताने उचलायला गेले. मग दोन हातांनी. मग पाय रोवून. मान लाल झाली. शेपटीखालच्या कापडातून मात्र थेंब टपकायला लागले.

“हे काय?” भाऊसाहेबांनी विचारलं.

बाळा मुकादम पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची खूणही नव्हती.

“शेवटचं पानी हाय, भाऊसाहेब. माल सुटताना मारतो ना आपन? बाय पुढे इंजिन बघत होती, तेवढ्यात आज ऊन लय म्हनून तीन-चार हंडे मारले. खालती गोनपाट पन भिजवून घातलाय.”

“तिने नको सांगितलं होतं ना?”

“ती भरायच्या आधीचं म्हनाली. शेवटचं पानी कोन बंद करते काय? बैलगाडी होती तवापासून मारतो. नाय तर पान मरते.”

गड्यांनी करंड्या खाली काढल्या. गोणपाट पिळला, तर पट्टीवर चिखल झाला. करंड्यांतून झिरपलेलं पाणी उतारावरून थेट शेपटीत जाऊन साठलं होतं. ते काढून, निथळलेल्या करंड्या परत ठेवल्यावर मी कडीला हात घातला. शेपूट उचललं.

 वसंतरावांची टोपी हातात आली होती. मला वाटलं, निदान एक शब्द येईल. शब्द आला, पण भाऊसाहेबांकडून आणि तो मलाच.

“अगं, मग आधी नीट सांगायचं नाही का? तोंड दिलंय ना देवाने? नुसतं पुटपुटायचं, मग आम्हाला कसं कळणार?”

त्या दिवशी पानं शेवटी रेल्वेनेच गेली आणि माझी नोकरीही त्यानंतर फार टिकली नाही. पुढे जिथे काम केलं, तिथे मालाचं दार लागल्यावर पुन्हा एकदा शेपूट उचलून बघितल्याशिवाय मी आत बसले नाही. मालक सोबत उभा असला तरी.

पण त्या वेळी, सगळ्या गड्यांसमोर, मला माझाच आवाज अनोळखी वाटला इतक्या जोरात मी म्हणाले, “सकाळी सांगितलं होतं, भाऊसाहेब, आणि तुम्ही हो म्हणाला होतात. पानं कोरडी न्यायची असतील तर मी नेते. ओली न्यायची असतील तर वसंतरावांना बसवा, पण आधी त्यांच्या आईला ते बघायला इथे आणून उभं करा!”