आश्लेषांचं गवत

आमच्या तलवाड्याकडचा आश्रुबा गुराखी म्हणजे निजामाच्या अमलातला माणूस, माझ्या आज्याचा जोडीदार. तोंडानं गरीब, पण राग धरला की लोणच्यागत मुरवायचा.

त्याचं काय झालं, त्याच्या गायी गावाजवळच्या माळावर चरायच्या. एका साली सुंदरराव देशमुखानं तो माळ आपल्या गुरांसाठी अडवला आणि आश्रुबाच्या गायी नदीकाठच्या खोलगट लवणात हाकलल्या. सालही विचित्र. मृग कोरडा, पुनर्वसू कोरडा, माती पार भाजलेली. मग आश्लेषांत पाऊस असा कोसळला की लवणात आठवडाभर पाणी. पाणी ओसरलं, कोवळं गवत आलं, त्याची तीन वासरं ते मुळासकट ओरबाडून खाऊ लागली. तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून लंगडली, चौथ्या दिवशी तिन्ही गेली. फऱ्या रोग, भाजल्या मातीवर पूर आला की मुळाच्या मातीतनं जनावरात शिरणारा. माळावरच्या देशमुखी गुरांना काही झालं नाही. वर देशमुख चावडीत म्हणाला, आश्रुबाचा हातच अपशकुनी. सगळे हसले.

पुढची आठ वर्षं पाऊस वेळेवर. लवणात चरून गुरं चांगली पोसायची. आश्रुबा मात्र रोज आभाळ बघायचा. नवव्या साली पुनर्वसूपर्यंत धुरळा आणि आश्लेषांत पूर. देशमुखाकडं तेव्हा पोळ्यात पुढं काढायला जपलेली खोंडांची जोडी होती. आणि फऱ्या असल्याच तरण्या, भरल्या अंगाच्या जनावराला आधी धरतो.

आश्रुबानं काय करावं? खरं सांगितलं. भर पारावर, चारचौघांत.

"मालक, खोंडं लवणात सोडू नका. औंदा तिथं फऱ्या हाय."

"तुला कावून एवढी काळजी बे? गवत तुझ्या गायींला राखायचं आसंल."

देशमुख कसा आहे हे आश्रुबाला देशमुखापेक्षा जास्त ठाऊक. गुराखी अक्कल शिकवतो म्हटल्यावर दुपारीच खोंडं लवणात. इथं माझा आजा मांडी थोपटायचा, मीही थोपटतो.

पाचव्या दिवशी देशमुख स्वतः आश्रुबाच्या झोपडीशी आला. एक खोंड गेलं होतं, दुसरं पाय टेकवत नव्हतं. काहीतरी कर म्हणाला. यावर दवा नाही हे आश्रुबाला माहीत होतं, तरी तो लगेच निघाला. गोठ्यात त्यानं देशमुखाचा हात धरला, खोंडाच्या सुजल्या मांडीवर ठेवला आणि वरून दाबला. कातड्याखाली वाळल्या पाचोळ्यागत कुरकुर वाजलं.

"ऐका नीट, मालक," आश्रुबा म्हणाला. "म्या हे तीनदा ऐकलंय. तुमची दोनच झाली."

आणि खोंड खाली बसेपर्यंत त्यानं तो हात सोडला नाही.